आधी टक्के, मग प्रश्न?

संशोधन म्हणजे भरपूर गुण मिळवणाऱ्यांना द्यायचे बक्षीस, असे आपल्या उच्च शिक्षणाने ठरवून टाकले आहे. मला हे अजिबात मान्य नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी पश्चिम बंगालमध्ये २०२३ पासून सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधन करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे तीन वर्षे ठरलेली उत्तरे बिनचूक लिहा, मग प्रश्न विचारायची परवानगी!

मी कोलकात्यात पहिल्या वर्षाला शिकवते. शिकवणीच्या नोट्स पाठ करून बारावी झालेली मुले पहिल्याच प्रकल्पाला विचारतात, "संदर्भ किती द्यायचे?" आम्ही आकडा सांगतो आणि वर मजकुराच्या साम्याची टक्केवारीही आखून देतो. मुले हुशार असतात. शब्द फिरवून टक्का खाली आणतात. विचार उसना तो उसनाच. या कारकुनीला आम्ही संशोधनाची सवय म्हणतो.

सखाराम गणेश देउस्कर हे बंगालमध्ये वाढलेले मराठी घरातले लेखक, काही काळ देवघरच्या शाळेत मास्तर. १९०४ साली त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिले. इंग्रजी राजवटीने देश कसा नागवला, हे दाखवायला सरकारचेच आकडे वापरले. १९१० मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. देश गरीब का झाला, हा प्रश्न आधी मनात होता; म्हणून त्या आकड्यांना धार आली.

"पहिल्या वर्षाच्या मुलांना हे झेपेल का?" असे सहकारी विचारतात. का नाही झेपणार? अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या. मराठीत ती चौथाईसाठीची मोहीम. बंगालीत मात्र 'बर्गी' हे नाव अंगाईगीतातही धास्ती घेऊन येते. गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' त्याच काळातले. ते आणि एखादा मराठी इतिहास शेजारी ठेवा. कोण काय सांगतो, काय गाळतो आणि का, एवढेच दोन पानांत लिहायला सांगा. दोन भाषा घेऊन वर्गात येणाऱ्या मुलांना हे आमच्यापेक्षा लवकर दिसेल.

तेव्हा ७५ टक्क्यांची अट काढा. पहिल्या सत्रात एक प्रश्न, एकमेकांशी न पटणारे दोन पुरावे आणि स्वतःचे दोन पानी उत्तर, एवढे द्या. संदर्भांची यादी कशी करायची, ते मूल त्यानंतर आठवडाभरात शिकेल.