गुलामाची स्क्रॅप व्हॅल्यू

"रोमन लोकांकडे गुलाम होते, फुकटात काम व्हायचं, मग यंत्रं कशाला करतील?" कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कटिंगला हे वाक्य कुणीतरी टाकतंच. मीही टाकलंय. पण मित्रांनो, यात दोन चुका आहेत.

एक, यंत्रं होती. फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगालला रोमनांनी डोंगरउतारावर १६ चाकांची पाणचक्की उभारली होती, तीही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. आणि दुसरं, गुलाम फुकट नव्हता. तो विकत घ्यायचा, पोसायचा आणि म्हातारा झाला की त्याची किंमत उतरणार. भांडवल, मेंटेनन्स, घसारा. आपल्या इकॉनॉमिक्सच्या पेपरातलं मशीनच की!

फक्त हे मशीन चिडतं. स्पेनच्या चांदीच्या खाणींत चाबकावर भागायचं, माणसं मरेपर्यंत राबवली जायची. पण हिशेबाच्या वह्या चाबकाने नीट लिहून घेता येत नाहीत. चिडलेल्या कारकुनाने एक आकडा फिरवला तर मालकाला पत्ताही लागायचा नाही. म्हणून अशा गुलामाला थोडा पैसा बाळगू देत, त्याला म्हणत पेकूलियम. त्यावर धंदा करायचा, साठवायचं आणि एक दिवस स्वतःलाच विकत घ्यायचं. कायद्याने मात्र तो पैसा आधीपासून मालकाचाच! त्या पैशात मालक नवा तरुण गुलाम आणायला मोकळा. वर सरकार सुटकेवर ५ टक्के कर घ्यायचं, ते वेगळंच.

"म्हणजे बढतीचा चान्स होता की," असं आमचा एक मित्र म्हणाला. त्याला मी कोलुमेला वाचायला सांगितला. शेतीवर लिहिणारा हा पहिल्या शतकातला जमीनदार सांगतो की, तीन मुलगे झालेल्या दासीला मी कामातून सूट देतो, त्याहून जास्त झाले तर स्वातंत्र्य. आई सुटली, पण आधी झालेली मुलं गुलामच. याला इन्सेंटिव्ह म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी म्हणवत नाही.

त्याच्याही दोनेकशे वर्षं आधी कॅटोने शेतीच्या पुस्तकात विकायच्या वस्तूंची यादी दिली आहे. त्यात म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारं आहेत आणि त्याच ओळीत म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. पुढे कॅटोचं चरित्र लिहिताना प्लुटार्क यावर चांगलाच भडकला. माझ्यासाठी राबलेला बैलसुद्धा मी म्हातारपणी विकणार नाही, असं त्याने लिहून ठेवलंय.