समुद्रात टाकलेले लोखंड आणि त्याचा हिशेब



मे महिन्यात रूळ तापले की उन्हाळी गस्त सुरू होते. उष्णतेने रूळ वाकला तर गाडी घसरेल, म्हणून आपला ट्रॅकमन भर दुपारी खडीवरून चालत असतो. त्याच उन्हात पोस्टमन बटवडा करीत फिरतो. पृथ्वी तापते आहे, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. पण या तापावर कोण कोणते औषध सुचवतो आहे, यावरही आपली नजर हवी.

त्यातले एक औषध म्हणजे समुद्रात लोखंड टाकणे. दक्षिण महासागरात इतर खत भरपूर आहे, पण लोह फार कमी. लोहाचे क्षार टाकले की सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि कार्बन वायू शोषून घेतात. त्या मेल्या की तो कार्बन घेऊन तळाशी जातील आणि हवा थंड होईल, असा हा हिशेब. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ साली तो ठामपणे मांडला.

या हिशेबाची एक मोठी परीक्षा आपल्याच माणसांनी घेतली. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ साली 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. नावातला 'लोहा' हिंदीतलाच. 'पोलारस्टर्न' जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघाले. पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारने काम थांबवले, धोक्यांची तपासणी झाली आणि मगच परवानगी मिळाली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडण्यात आले.

निष्पन्न काय झाले? वनस्पती वाढल्या, पण बारीक जलचरांनी त्या खाऊन टाकल्या. त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने कठीण कवचाच्या वनस्पती फोफावल्याच नाहीत. तळाशी कार्बन गेला तो अगदी थोडा. संस्थांनी हे उघडपणे जाहीर केले. आमच्या मते हेच या प्रयोगाचे खरे यश. पगार जनतेच्या पैशातून, म्हणून निकालही जनतेसमोर!

आता दुसरे चित्र पाहा. जुलै २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे सुमारे १०० टन लोहक्षार समुद्रात ओतण्यात आले. हैदा ग्वाई बेटांवरील एका आदिवासी गावाने त्यासाठी वीस लाख डॉलरहून अधिक पैसा उभा केला होता. सॅमन मासे वाढतील आणि शोषलेल्या कार्बनची पत बाजारात विकता येईल, अशी आशा त्यांना दाखवण्यात आली होती. जगाला हे कळले ते नंतर. ज्याला पत विकायची आहे, तो 'कार्बन तळाशी गेलाच नाही' असे सांगायला पुढे येईल काय?

हाच प्रश्न आकाशात गंधक फवारण्याच्या योजनेलाही लागू आहे. १९९१ साली फिलिपाईन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा वर फेकल्या गेलेल्या गंधकामुळे जग वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्धा अंश थंड झाले. तेच मुद्दाम करावे, असे काहींचे म्हणणे. पण त्याने मोसमी पाऊस बिघडला तर? बटण दाबणारा परदेशात असेल आणि दुष्काळ मात्र मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येईल.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. संशोधन झालेच पाहिजे. पण ते सार्वजनिक संस्थांत, उघड हिशेबाने आणि ज्यांना झळ बसणार त्यांना विचारून. आणि औषधाच्या नावाखाली धूर ओकणाऱ्यांना मोकळीक मिळता कामा नये. धूर कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आपल्या हातातच आहे: रस्त्यावरचा माल रुळांवर आणा. त्यासाठी समुद्रात काहीही ओतावे लागत नाही. लागतात त्या गाड्या, रूळ आणि रिकाम्या जागांवर भरती!

येत्या शाखा सभेत हा विषय जरूर घ्या.