चिडणारी अ‍ॅन

अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचून लोक तिला देवदूत करून टाकतात. मला नाही पटत. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आठ माणसं दोन वर्षं लपून राहिलेली, आणि ही पोर आईवर धुसफुसते, लिहायच्या टेबलावरून खोलीतल्या दंतवैद्याशी भांडते. अगदी आपल्या घरातल्या नातीसारखी! म्हणूनच पोटात तुटतं.

मार्च १९४४मध्ये डच मंत्री रेडिओवर म्हणाले, युद्धातल्या डायऱ्या जपून ठेवा. मग हिने पुस्तक करायचं म्हणून सगळं पुन्हा लिहायला घेतलं. १ ऑगस्टला शेवटची नोंद, ४ ऑगस्टला अटक. १९४५मध्ये बर्गेन-बेल्सेनच्या छावणीत गेली, वय पंधरा.

१९४७मध्ये वडिलांनी डायरी छापताना आईवरचा बराच राग गाळला. बापाचं मन, समजू शकतं. पण मुलांच्या हाती मात्र ती पानं असलेलीच प्रत द्या.