बॅनरवरचे फोटो पुरे झाले, आता पुराव्याचे फोटो गोळा करा

एप्रिल महिन्यात आपल्या मोबाईलमध्ये जागा उरत नाही. जयंतीची मिरवणूक, डीजे, निळी उधळण, स्टेजवरचे पाहुणे, पाहुण्यांच्या गळ्यातले हार. एका येरमाळ्यात एका रात्रीत हजारो फोटो निघतात. त्याच येरमाळ्यात कुणालाही विचारा : 1978 ला नामांतराच्या दंगलीची धग आली तेव्हा आपल्या वस्तीत काय घडले? मोर्चाला कोण गेले, जेलमध्ये कोण बसले? 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा इथे काय झाले? त्याचा एक फोटो दाखवा. उत्तर ठरलेले असते : "असेल कुणाकडे तरी."

आमचा आक्षेप या "कुणाकडे तरी"ला आहे.

हे "कुणाकडे तरी" म्हणजे नेमके कुठे? म्हाताऱ्या आईच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, निगेटिव्हच्या पाकिटात. लग्नाच्या शूटिंगच्या सीडीवर, जिच्या शेवटी मोर्चाची दहा मिनिटे आहेत. स्क्रीन फुटलेल्या मोबाईलच्या मेमरी कार्डात. पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या जीमेलमध्ये, ज्याचा पासवर्ड तोच विसरला आहे. आणि वारलेल्या कार्यकर्त्याच्या खात्यात, जे आता कुणीच उघडत नाही. आपला इतिहास फोटोंअभावी रिकामा नाही. तो विखुरलेला आहे, आणि विखुरलेली गोष्ट हळूहळू हरवते.

"अहो, सगळे गुगलवर आहे," असे सांगणारे शहाणे वस्तीवस्तीत भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगू. गुगल फोटोजची फुकट आणि अमर्याद साठवण 1 जून 2021 ला संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी, पुढे पैसे मोजा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते कंपनी पुसून टाकू शकते. डिसेंबर 2023 पासून हे धोरण लागू आहे. म्हणजे कार्यकर्ता गेला, घरच्यांना पासवर्ड माहीत नाही, तर दोन वर्षांनी त्याने काढलेली चळवळ त्याच्या मागे जाऊ शकते. कंपनीच्या कपाटात ठेवलेली वस्तू आपली असते, पण किल्ली आपली नसते.

फोटो नसल्याने किंवा फोटोवर नाव नसल्याने काय बिघडते, ते आपल्याच जिल्ह्यात पाहा. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले होते. आसपासच्या गावांतून कोण कोण चालत, बैलगाडीने तिथे गेले? आपल्या गावातून कोण होते? ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती पिढी गेली. 1978 ला जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. त्या वर्षी 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारले, हे आपल्याला पाठ आहे. पण ज्यांची घरे जळाली, ज्यांच्या विहिरी बंद झाल्या, ज्यांना मजुरी नाकारली, त्या शेकडो कुटुंबांचे चेहरे कोण ओळखणार? चेहरा ओळखणारा माणूस गेला की फोटो नुसता कागद होतो.

बाबासाहेबांच्या लेखनाचे काय झाले ते आठवा. "रिडल्स इन हिंदुइझम"ची प्रकरणे संपादकांना वेगवेगळ्या फायलींत सुटी सापडली, अंतिम हस्तलिखित मिळालेच नाही. वसंत मून आणि सहकाऱ्यांनी सुटे कागद जुळवले म्हणून 1987 ला तो खंड छापला गेला. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची दुर्मीळ छायाचित्रे आणि कागदपत्रे चिकाटीने जमवली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून बायकांना घरोघर जाऊन भेटल्या, म्हणून 1989 ला "आम्हीही इतिहास घडवला" आपल्या हाती आले. नाहीतर जुन्या फोटोखाली "आणि इतर महिला" एवढेच राहिले असते. हे काम माणसांनी हाताने केले. आज आपल्या हातात त्यांच्यापेक्षा शंभरपट साधने आहेत आणि आपण रील बनवतो आहोत.

आता कोर्टाची बाजू. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, 10 माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. मग टँकर कुठे उभे होते, जमाव कुठे होता, गोळ्या कुठे लागल्या? सगळा वाद जागेचा आणि वेळेचा होता. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. म्हणून सांगतो, फोटोतल्या चित्राइतकीच त्याची तारीख, वेळ आणि ठिकाण महत्त्वाचे असते. आणि आपण काय करतो? अत्याचाराच्या जागेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून टाकतो. तिथे तो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळेची, जागेची नोंद गळून पडते. मग मूळ फोटो "जागा नाही" म्हणून पुसतो. आपण आपल्याच हाताने साक्षीदाराची जीभ कापतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 ला खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात पक्के केले. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातल्या जालन्याच्या निवडणुकीचे होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तर फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईलचा अंगठा, लिहावा लागतो. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो अंगठा बदलतो. म्हणून मूळ फाईल सांभाळणे हे अ‍ॅट्रॉसिटीच्या लढाईचेच काम आहे.

"भाकरीचा प्रश्न सोडून फोटो काय जमवता?" असेही कुणी म्हणेल. गायरानाचा दावा असो, घर जाळल्याची भरपाई असो, स्मशानभूमीची वहिवाट असो, तिथे भाकरीचा प्रश्न पुराव्यावरच अडतो. गायरानात 1990 आधीपासून आपले पीक उभे होते हे दाखवणारा एक जुना फोटो भाषणाच्या दहा तासांपेक्षा जड असतो.

काम कसे करायचे? अवघड नाही.

आधी हरवलेले शोधा. मेमरी कार्डातून फोटो पुसला गेला तर बहुतेक वेळा फक्त त्याची नोंद पुसली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत फोटो आत असतो. म्हणून ते कार्ड ताबडतोब वापरायचे बंद करा. फोटोरेक नावाची फुकट प्रणाली संगणकावर घेऊन फोटो बाहेर काढा, आणि काढलेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नका. मोबाईलच्या आतल्या मेमरीतून असे परत मिळणे फार कठीण, म्हणून आधी कचरापेटी पाहा : गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, आयफोनमध्ये साधारण 30 दिवस.

मग एकत्र करा. प्रत्येकाचे कार्ड, पेन ड्राइव्ह, सीडी, आहे तशी एका हार्ड डिस्कवर उतरवा. आधी काहीही पुसू नका. गुगलचे फोटो टेकआऊटने उतरवा, आणि सोबत येणाऱ्या छोट्या जेसन फाईली फेकू नका, तारखा त्यांत असतात. एकमेकांना फोटो पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. तंतोतंत सारखी फाईल दोनदा असेल तरच एक काढा. एकाच प्रसंगाचे दोन फोटो म्हणजे दोन साक्षीदार, ते दोन्ही राहू द्या. कागदी फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. मागे कुणीतरी पेन्सिलने नाव लिहिलेले असते.

तिसरे काम सर्वात मोठे : नावे. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि वहीत लिहा : साल, गाव, प्रसंग, डावीकडून उजवीकडे कोण, फोटो कुणी काढला, कुणी दिला. बायकांची नावे नवऱ्याच्या नावाने लिहू नका, त्यांचे स्वतःचे नाव विचारा. आजी-आजोबांपुढे लॅपटॉप ठेवा आणि ते बोलतात ते रेकॉर्ड करा.

आणि हा संग्रह कुणाचा? आम्ही स्पष्ट सांगतो : कुठल्याही एका नेत्याचा नाही, एका गटाचा नाही. गट फुटला की फोटो फुटतात, हे आपण फार पाहिले. तीन प्रती ठेवा : एक विहारात, एक दुसऱ्या गावात, एक ऑनलाईन. किल्ल्या किमान तिघांकडे, त्यात एक बाई असलीच पाहिजे. कागदी मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्या. नेला आणि दिलाच नाही, या अनुभवाने लोक पेटी उघडत नाहीत. आणि जमवणे वेगळे, पसरवणे वेगळे. अत्याचारग्रस्तांचे फोटो कुटुंबाच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नयेत. आपल्या मुलींचे देह लाईकसाठी नाहीत.

चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, तिचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. तक्रार नाही. पण आपल्या वस्तीचे फोटो कुणी पेपरवाला जपणार नाही, सरकार जपणार नाही, कंपनी तर नाहीच. येत्या 6 डिसेंबरपासून 14 जानेवारीपर्यंत, महापरिनिर्वाण दिनापासून नामविस्तार दिनापर्यंत, हे साधारण चाळीस दिवस आपण याच कामाला देऊ. प्रत्येक वस्तीत तीन पोरे-पोरी, एक लॅपटॉप, एक हार्ड डिस्क, एक वही. पहिल्या दिवशी वस्तीतल्या सर्वात वयस्क माणसाच्या दारात जा. मागाल ती गोष्ट एकच असू द्या : "आजी, पेटी उघडता का?"

जयभीम!