‘वाणी’ कुणाची?

‘एनजीओ’ ही तीन अक्षरे मराठी बोलण्यात आता शिवीसारखी वापरली जातात. एखाद्या परिसंवादात वक्त्याला नामोहरम करायचे असेल, तर त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची गरज उरत नाही. “ही एनजीओची भाषा आहे” एवढे म्हटले की काम भागते. गंमत अशी, की हेच वक्ते संध्याकाळी आनंदवनाच्या किंवा हेमलकशाच्या आठवणीने गहिवरतात. संस्था नावाचा प्रकार संशयास्पद आणि संस्थापक मात्र संत, ही आपली विभागणी आहे. तिची मुळे आपल्या वाङ्मयीन सवयीत आहेत, आणि म्हणून साहित्याच्या शिक्षकांनी तिचा जाब स्वतःला विचारायला हवा.

समाजकार्याविषयीचे आपले लेखन आठवून पाहा. साधनाताई आमट्यांचे ‘समिधा’, डॉ. प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’, अनिल अवचटांचे ‘कार्यरत’. ही पुस्तके महत्त्वाची आहेत, त्याविषयी वाद नाही. परंतु या साऱ्या लेखनाचा केंद्रबिंदू व्यक्ती आहे. त्याग, निर्धार, पहिली झोपडी, पहिला रुग्ण. नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली, पैसा कुठून आला, सरकारशी भांडण कशावरून झाले, इतर संस्थांशी नाते काय होते, हे प्रश्न आपल्या वाचकाला रूक्ष वाटतात. मराठीला माणूस दिसतो. माणसांनी विणलेले जाळे दिसत नाही.

या जाळ्याचे एक उदाहरण घेऊ. 1988 साली दिल्लीत ‘व्हॉलंटरी ॲक्शन नेटवर्क इंडिया’ ही देशभरातील स्वयंसेवी संस्थांची संघटना उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिचे नाव होते ‘वाणी’. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ: एक वाचा, दुसरा दुकानदार. संघटनेला पहिला अर्थ अभिप्रेत होता, टीकाकारांना दुसराच दिसला. दोघांपैकी खरे कोण, हे ठरवण्यासाठी इतिहास लागतो, आणि तो आपण वाचलेला नाही.

तो इतिहास निधीच्या हव्यासापासून सुरू होत नाही. ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या संस्थांना एकत्र आणणारी, जयप्रकाश नारायणांशी जवळचे नाते असलेली ‘अवार्ड’ ही संघटना 1958 सालची. पुढे जयप्रकाशांचे आंदोलन झाले, आणीबाणी आली आणि त्याच काळात, 1976 साली, परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा झाला. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर 1982 साली न्यायमूर्ती कुदाल आयोग नेमला गेला. गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ, ‘अवार्ड’ अशा संस्थांची चौकशी 1987 पर्यंत चालली. ज्या संस्था जयप्रकाशांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या त्याच चौकशीच्या फेऱ्यात याव्यात, हा योगायोग मानायला फार भाबडेपणा लागेल.

याच सुमारास डावीकडूनही घाव बसला. 1984 साली प्रकाश करात यांनी ‘द मार्क्सिस्ट’मध्ये लेख लिहून स्वयंसेवी गट हे साम्राज्यवादी रणनीतीचा भाग असल्याची मांडणी केली. दुसरीकडे सातव्या पंचवार्षिक योजनेने, म्हणजे 1985 नंतर, याच संस्थांना विकासातील सहकारी म्हणून पुढे बोलावले. एका हाताने चौकशी, दुसऱ्या हाताने अनुदान. अशा वेळी तिलोनियाचे बंकर रॉय यांनी संस्थांसाठी आचारसंहिता आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरील परिषदा यांचा प्रस्ताव मांडला. त्यामागची तक्रार खोटी नव्हती. कागदी संस्था तेव्हाही होत्या. पण ‘स्वयंसेवी’ कोण हे कायद्याने ठरवायचे म्हटले, की स्वयंस्फूर्तीची व्याख्या शासनदरबारी होणार, ही विरोधकांची भीतीही खोटी नव्हती. या वादळी चर्चेतून ‘वाणी’ जन्माला आली. म्हणजे तिच्या मुळाशी एका शब्दाच्या अर्थावरून झालेले भांडण आहे. भाषेच्या अभ्यासकाला याहून जवळचा विषय कोणता असू शकतो?

या भांडणात अशा संघटनांची बाजू निष्कलंक आहे, असे आमचे म्हणणे नाही. त्यांचा मोठा दोष भाषेचाच आहे. ‘लाभार्थी’, ‘क्षमतावर्धन’, ‘भागधारक’ ही परिभाषा इंग्रजी प्रस्तावांच्या साच्यातून आली आणि गावातल्या कार्यकर्त्याच्या तोंडी बसवली गेली. ज्या बाईने सावकाराविरुद्ध आवाज उठवला, ती अहवालात ‘सक्षमीकरण झालेली लाभार्थी’ म्हणून उतरली. तिचे क्रियापद कर्मणी झाले. संघटनेचे नाव ‘वाणी’ असो वा आणखी काही, ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांचीच भाषा हरवली, तर टीकाकारांना आयते कोलीत मिळते.

परंतु या दोषामुळे आपले अज्ञान क्षम्य ठरत नाही. 2020 साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अशी देणगी मिळालेल्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला देण्यावर संपूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली गेली. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे जाणारा या पैशाचा प्रवाह त्यामुळे कायद्यानेच थांबला. आनंदवनावर पुस्तके वाचणाऱ्या आपल्या वर्गाला हा घाव कुठे बसला हे कळलेच नाही. कारण त्याच्या लेखी संस्था म्हणजे एक थोर माणूस आणि त्याची वसाहत. दोन संस्थांमधला धागा त्याने कधी पाहिलेलाच नव्हता, मग तो तुटल्याचे दुःख कसे होणार?

यावर ठरलेला आक्षेप येईल: हा समाजशास्त्राचा प्रांत, साहित्याचा नव्हे. हा आक्षेप आपल्याच परंपरेच्या विस्मरणातून येतो. 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कामाचे वृत्तांत महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहेत. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या ‘माझ्या आठवणी व अनुभव’मधून 1906 सालचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन वगळले, तर मागे काय उरेल? हिशेब, ठराव, सभांची हकिकत यांना वाङ्मयाचा दर्जा देण्याइतके मोठे मन या भाषेकडे एकेकाळी होते. ते आकसले आपल्या अभ्यासक्रमांत.

म्हणून मागणी साधी आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेशेजारी संस्थेच्या कागदपत्रांना जागा द्या. प्रत्येक जिल्ह्यात तीस-चाळीस वर्षे जुनी एखादी संस्था आहे. तिचे अहवाल, ठरावांच्या वह्या, हस्तपत्रके कपाटात पडून आहेत. विद्यार्थ्यांना ती वाचू द्या. वाक्यातला कर्ता केव्हा नाहीसा झाला, ‘आम्ही’ची जागा ‘प्रकल्पा’ने केव्हा घेतली, हे त्यांना शोधू द्या. त्यातून काही संस्थांचे पितळ उघडे पडेल, काहींवरचा अन्याय दिसेल. दोन्ही व्हायला हवे. तोवर ‘एनजीओ’ ही शिवी तोंडी असणाऱ्यांनी आणि संतचरित्रे वाचून डोळे पुसणाऱ्यांनी एवढे ओळखावे, की दोघांचीही सोय एकाच अज्ञानाने झालेली आहे.