होम थिएटरचा आकडा आणि गिऱ्हाइकाचा कान

होम थिएटर घ्यायला येणारे गिऱ्हाईक आता पूर्वीसारखे कोरे येत नाही. मोबाईलवर मोजणीचे आलेख पाहून, आकडे पाठ करूनच ते दुकानाची पायरी चढते. "या प्रोसेसरचा सिनॅड ८२ आणि त्या स्वस्तातल्याचा ९८, मग हा महाग कसा?" असा सरळ सवाल टाकते. यावर दुकानदाराकडे दोन ठरलेली उत्तरे असतात. आकडा आपल्या मालाच्या विरोधात असला तर "साहेब, आकडे सोडा, कानाने ऐका." आकडा बाजूने असला तर "बघा, मोजणीच सांगते आहे!" सकाळी एक उत्तर आणि दुपारी दुसरे देणारे दुकानदार लॅमिंग्टन रोडला कमी नाहीत आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतही कमी नाहीत. आमच्या मते दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, आणि या अर्धवटपणाची किंमत गिऱ्हाईक रोखीने चुकवते. हा व्यवहार साठ-सत्तर हजारांपासून चार-पाच लाखांपर्यंतचा असतो, म्हणून विषय सोडून देण्यासारखा नाही.

आकड्यांवरचा अविश्वास उगाच आलेला नाही. १९९० च्या दशकात टेप रेकॉर्डरच्या तोंडावर "१००० वॉट पीएमपीओ" अशा चकचकीत पट्ट्या असत, आणि त्याच यंत्राच्या पाठीवर विजेचा खप मात्र काही थोड्या वॉटांचा लिहिलेला असे. भिंतीतून जेवढी वीज घेतली त्याच्या कैक पट आवाज यंत्र सतत कुठून देणार, हे विचारणारे विरळाच. अमेरिकेत असल्या फुगवट्याला आळा घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच नियम केला आणि २०२४ मध्ये चाचणीच्या अटी आणखी बांधून दिल्या. आपल्याकडे किराणा दुकानाच्या तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का लागतो. वॉटवर शिक्का मारायला कोणी येत नाही. आजही माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात १५० वॉट असतात आणि खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेले असते की हे मोजताना एकच चॅनल चालू होता आणि डिस्टॉर्शन १० टक्के होते.

पण सिनॅड म्हणजे पीएमपीओ नव्हे. हा प्रामाणिक आकडा आहे. यंत्रात शुद्ध सूर घातला, तर बाहेर येताना त्यात यंत्राने स्वतःची किती भेसळ आणि खरखर मिसळली, हे तो सांगतो. ८० डेसिबल म्हणजे दहा हजारात एक भाग भेसळ, १०० म्हणजे लाखात एक. सीडीची १६ बिटांची कमाल मर्यादा ९८ येते. मौज अशी की शंभर-सव्वाशे डॉलरचा साधा दोन चॅनलचा डॅक ११५ च्या पुढे जातो आणि लाखांचे होम थिएटर प्रोसेसर त्याच्या मागे राहतात. अभियंत्याला हे खटकावे हे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की सोफ्यावर बसलेल्या माणसाला ते ऐकू येते का.

हिशेब करून पाहू. सिनेमाच्या ठरलेल्या पातळीवर घरात चित्रपट लावला तर मुख्य चॅनलचा सर्वांत मोठा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. एवढा आवाज घरी कोणी ठेवत नाही, शेजारी ठेवू देत नाहीत. तरी धरून चालू. ८० सिनॅडच्या यंत्राची भेसळ म्हणजे १०५ वजा ८०, अवघी २५ डेसिबल. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादाच ४५ डेसिबल आहे, आणि घरातला पंखा वेगळा. त्यात ही २५ डेसिबलची भेसळ १०५ च्या धमाक्याखाली दबलेली. शिवाय स्पीकर स्वतः मोठ्या आवाजात खर्जाच्या सुरांत टक्क्यांच्या हिशेबाने भेसळ करतो, तिथे दहा हजारातल्या एका भागाची दाद कोण घेणार?

अपवाद आहेत. स्पीकर फार संवेदनशील असून माणूस त्याच्या जवळ बसत असेल, तर शांत प्रसंगात खरखर जाणवू शकते. प्रोसेसरला बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडायचा असेल तर तो किती व्होल्टपर्यंत स्वच्छ राहतो, हेही पाहिले पाहिजे. काही यंत्रे तिथे लवकर दम टाकतात. मोजणीचा हा भाग कामाचा आहे आणि तो जरूर वाचावा.

"कानाला कळते ते यंत्राला कळत नाही" असे म्हणणाऱ्यांची बाजूही तपासून झालेली आहे. २००७ साली अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांची चाचणी छापून आली. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाची एक पायरी घातली आणि ती केव्हा आहे, केव्हा नाही, हे न सांगता ऐकणाऱ्यांना ओळखायला लावले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती. आवाज नेहमीपेक्षा खूप वाढवून शांत जागा ऐकल्या तेव्हाच खरखर कळली. या चाचणीवर आक्षेपही आहेत. त्यातील काही ध्वनिमुद्रणे मुळात तेवढ्या उच्च दर्जाची नव्हती, हा त्यातला वजनदार आक्षेप. तरीही ९८ डेसिबलच्या यंत्राला नावे ठेवून १०८ चे विकणाऱ्याने हे ५५४ प्रयत्न विसरू नयेत.

डोळे उघडे असले की कान बदलतो, हेही ठाऊक झालेले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. समोर दिसल्यावर ऐकणाऱ्यांची मते बदलली, आणि ते लोक ऑडिओ कंपनीतच काम करणारे होते! दुकानातल्या प्रात्यक्षिकात तर ब्रँड दिसतो, किंमत दिसते, आणि ज्याचा आवाज अर्धा-एक डेसिबल जास्त ठेवला तो "खुलून" वाजतो. ही अर्ध्या डेसिबलची चलाखी म्हणजे पारड्याखाली चिकटवलेली चिंच आहे. आम्ही तिला दुसरे नाव देणार नाही.

मग सगळे प्रोसेसर सारखेच काय? मुळीच नाही, आणि इथे आकडेवाले फसतात. प्रोसेसरमधला ऐकू येणारा फरक बहुधा सिनॅडमध्ये नसतो, तो खोली दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो. एका खुर्चीवर तो छातीवर आदळतो, दुसरीवर नाहीसा होतो. हा फरक दहा डेसिबलचा, कधी त्याहून मोठा. प्रोसेसर मायक्रोफोनने खोली ऐकतो आणि आवाजाला मुरड घालतो. कोणी ऑडिसी वापरतो, कोणी डिराक, कोणी स्वतःची पद्धत. ऑडिसी नेहमीच्या मांडणीत २००० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडा खड्डा ठेवते. काहींना तो मऊ वाटतो, काहींना संवाद मागे गेल्यासारखे वाटतात. एखादे यंत्र छोट्या स्पीकरला "मोठा" समजून बसते आणि सबवूफर उपाशी राहतो. या सर्व गोष्टी कान ओळखतो, मायक्रोफोनही ओळखतो. माहितीपत्रक तेवढे गप्प असते.

२००९ साली ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोली दुरुस्तीच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. ऐकणाऱ्यांच्या पसंतीत मोठा फरक पडला, आणि एक पद्धत तर काहीच दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट ठरली. त्याआधी २००४ मध्ये त्यांनीच ७० स्पीकरांच्या मोजणीवरून पसंतीचा अंदाज बांधला होता, त्याचा मेळ ०.८६ इतका जमला. म्हणजे मोजणी आवाजाचा दर्जा सांगू शकते, आणि चांगली सांगते. फक्त ती यंत्राच्या पाठीमागच्या खुंटीवर न करता जिथे फरक पडतो तिथे केली पाहिजे, स्पीकरसमोर आणि बैठकीच्या जागी.

आमच्या व्यापारी बंधूंना म्हणूनच सांगणे आहे. नुसता डबा गिऱ्हाइकाला ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. त्यात तुमची कमाई उरलेली नाही. मोजणीचा मायक्रोफोन शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, त्याला लागणारे आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे. गिऱ्हाइकाच्या घरी जा, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा आलेख काढून त्याच्या हातात द्या आणि या कामाची वेगळी मजुरी उघडपणे मागा. दुकानात दोन यंत्रे ऐकवताना दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करा, तोही गिऱ्हाइकासमोर. आणि त्याचा अर्थसंकल्प दोन लाखांचा असेल, तर त्यातले दीड लाख प्रोसेसरमध्ये घालू देऊ नका. स्पीकर, एकाऐवजी दोन सबवूफर आणि खिडकीला जाड पडदा, हे आधी. यात तुमचे एक महागडे बिल बुडेल, हे आम्हाला दिसते. पण सहा महिन्यांनी तोच माणूस आपल्या मेहुण्याला घेऊन येतो की दुसऱ्या दुकानात जातो, हे त्या बिलावर अवलंबून नसते.