ड्रेवेन ब्लडथॉर्न, मु. पो. कोथरूड

पुण्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या ज्या ज्या टेबलाशी मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणून पडद्यामागे बसलो, तिथे एक तरी ड्रेवेन ब्लडथॉर्न निघालाच. ड्रेवेन नसला तर केलेन शॅडोबेन, तोही नसला तर नुसताच रेव्हन. हा गृहस्थ अनाथ असतो, काळा झगा घालतो, कोपऱ्यात बसतो आणि मोजकं बोलतो. त्याला खेळवणारा मात्र कर्वेनगरातून ॲक्टिव्हावर आलेला असतो, वाटेत आईची औषधं घेऊन झालेली असतात आणि तोंडाचा पट्टा सेशन संपेपर्यंत थांबत नाही.

हे नाव कुठून काढलंस, असं विचारावं तर उत्तर ठरलेलं: जनरेटरमधून. बटण दाबलं, दहा नावं पडली, त्यातलं एक उचललं. बॅकस्टोरी चार पानी. ताकद आणि चपळाईचे आकडे एकेका गुणासाठी भांडून मिळवलेले. नाव तेवढं यंत्राने ओकलेलं. हीच माणसं पोटच्या पोराचं नाव ठेवताना आत्याला फोन करतात, अक्षर काढतात, त्या नावाचा वर्गात कुणी चिडवायला उपयोग करील का, याचा महिनाभर खल करतात. कॅरेक्टर एल्फ असेल तर नावात एक अपॉस्ट्रॉफीही असते. के'लारियन. तिचा उच्चार कसा करायचा ते आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. बोलणारा मध्येच ठेचकाळतो आणि पुढे जातो.

आणि मग काय होतं? दोन-तीन सेशन झाली की ते नाव टेबलावरून बेपत्ता होतं आणि हाक पडते ती क्लासने, म्हणजे पात्राच्या पेशाने. ‘अरे, तुझा रोग कुलूप उघडतोय का?’ ‘निख्या, तुझ्या क्लेरिककडे हीलिंग उरलंय का?’ ड्रेवेन उरतो फक्त कागदावर. ज्या नावाने कुणी हाक मारत नाही, ते नाव नव्हेच. तो कॅरेक्टर शीटवरचा भरलेला रकाना आहे.

मराठी नावाची गंमत अशी की ते एकटं राहत नाही. हाक मारणारा बदलला की नाव बदलतं. दगडू घ्या. बरोबरचे ‘दगड्या’ म्हणतात, धाकटे ‘दगडूदादा’, उधारी थकली की वाणी ‘काय दगडोबा, विसरलात का गरिबाला?’ म्हणतो आणि धंद्यात बरकत आली की तेच तोंड ‘या दगडूशेठ’ म्हणतं. पहिल्या लेव्हलचा दगडू विसाव्या लेव्हलला दगडूशेठ होतो; मधली सगळी मोहीम त्या एका ‘शेठ’मध्ये मावते. पुण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गणपतीचं नाव घेतानाही आधी दगडूशेठ नावाच्या मिठाईवाल्याचं नाव घ्यावं लागतं, मग गणपतीचं.

शिवाय असली नावं ठेवण्यामागे एक जादूच होती. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवायची, म्हणजे मृत्यूला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही. रूलबुकातल्या संरक्षक मंत्रांच्या यादीत याच्या तोडीचा एक मंत्र दाखवा. याचीच काळी बाजूही आहे. मुलगी नको होती म्हणून तिचं नावच ‘नकुशी’. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. एका नावात शाप, तो सोसणारी मुलगी आणि तो उतरवायला बसलेलं सरकारी खातं. यावर एक अख्खी कँपेन चालेल. पण नाही. आमच्या टेबलावर शापित नायिकेचं नाव सेराफिना मूनव्हिस्पर.

या खेळाडूंचे देव कोण, तर गॅरी गायगॅक्स. 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून त्याने डेव्ह आर्नेसनबरोबर लिहिलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. आता त्या पोथीतल्या थोर जादूगारांची नावं बघा. टेन्सर म्हणजे गायगॅक्सच्या थोरल्या मुलाच्या ‘अर्नेस्ट’ या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. ड्रॉमिज म्हणजे गायगॅक्सचा मित्र जिम वॉर्ड, उलटा वाचलेला. मेल्फची तर कमालच. धाकट्या मुलाच्या शीटवर पुरुष म्हणून ‘एम’ आणि पुढे ‘एल्फ’ लिहिलेलं होतं, ते जोडून झाला मेल्फ! त्याच्या नावाचा आम्लबाण आजही रूलबुकात आहे आणि आमचे वीर तो सोडताना चेहरा गंभीर करतात. ही एका घरातली थट्टा होती. बापाने पोरांची आणि मित्रांची नावं फिरवली, बस्स. तेच आपण केलं तर समीरचा रमीस होतो, महेशचा शहेम. शहेम हा दगा देणारा वजीर म्हणून काय वाईट आहे? पण गायगॅक्सने आपल्या घरातली पोरं घेतली तर आपणही गायगॅक्सच्याच घरातली घ्यायची, असा आमच्याकडे नियम दिसतो.

हे सगळं घडतं कुठे, तर पुण्यात. ज्या शहराने देवांनाही सोडलं नाही, तिथे. सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर. नारायण पेठेत पत्र्या मारुती. बुधवारात पासोड्या विठोबा, नाना पेठेत निवडुंग्या विठोबा. शिवाय उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, गुपचूप गणपती, चिमण्या गणपती, दाढीवाला दत्त. खुन्या मुरलीधराच्या नावामागे देवळापाशी झालेली कापाकापी सांगतात, डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डुलला म्हणतात, पासोड्या विठोबापाशी पासोड्या विकल्या जात. एकेका नावात जागा आहे, प्रसंग आहे, धंदा आहे आणि देवाशी सलगी आहे. कुठल्याही डीएमने हा पेठांचा नकाशा टेबलावर पसरावा आणि वर्षभर खेळवावं. ‘खुन्या मुरलीधराच्या देवळात मध्यरात्री भेट’ असं म्हटलं की पार्टीतल्या सगळ्यांची पाठ ताठ होते की नाही बघा. याच पेठांतून उठून आलेला मुलगा आपल्या ऑर्कला नाव सुचत नाही म्हणून फोन काढतो, तेव्हा मला तो फोन पर्वतीवरून भिरकावून द्यावासा वाटतो.

यावर लगेच ऐकवलं जातं की मराठी नाव ठेवलं की विनोदी वाटतं, मूड जातो. कुणाला विनोदी वाटतं? आपणच वर्षानुवर्षं नाटकातल्या गड्याला धोंडू म्हणत आलो आणि नायकाला अविनाश. 2014 साली ‘टाइमपास’ या पिक्चरमध्ये नायकाचं नाव दगडू निघालं, तेव्हाही त्या नावाचं हसूच झालं. या हसण्यामागे विनोदबुद्धी नाही, लाज आहे. दगडू पोती उचलील, ड्रॅगन मारणार नाही, असं आपण मनात धरूनच बसलेलो असतो. या टेबलांवर मूठभर स्त्रीकॅरेक्टरं असतात, त्यांना तर भिऊबाई म्हणायची कुणाची छाती होत नाही. थोरल्या बाजीरावाची सख्खी बहीण होती ती.

लाज वाटत नाही म्हणणाऱ्यांचा दुसरा एक पंथ आहे. हे लोक अस्मिता घेऊन येतात. त्यांचा पॅलाडिन रुद्रांश असतो, रेंजर वज्रकेतू, आणि दोघं मालिकेतल्या सासूसारखे बोलतात. याला परंपरा म्हणतात. परंपरा वाचली मात्र नाही. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहायचं ठरलं तेव्हा पांडवांनी काय केलं? सरळ कॅरेक्टरं बनवली. युधिष्ठिर कंक झाला, राजाबरोबर फासे खेळणारा. भीम बल्लव, आचारी. अर्जुन बृहन्नडा, नाच शिकवणारी. नकुल घोड्यांकडे ग्रंथिक, सहदेव गुरांकडे तंतिपाल, द्रौपदी सैरंध्री. प्रत्येकाचं नाव कामाला धरून, तोंडात बसणारं. एकानेही स्वतःला रुद्रांश म्हणवून घेतलं नाही. आणि त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे आपसात वापरायला त्यांनी पाच गुप्त नावं वेगळी ठरवली: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. वेळ आली तर एकमेकांना हाक काय मारायची, याचा विचार त्यांनी आधी केला होता. आमच्या पार्टीला तो बॉस फाइटच्या मधोमध सुचतो.

एक आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ‘या टेबलावर तरी मला कुणी आडनाव विचारत नाही,’ असं एका खेळाडूने मला सुनावलं. बरोबर आहे त्याचं. ज्या शहरात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक पहिल्या नावावर थांबत नाही, तिथे ब्लडथॉर्न हे आडनाव म्हणजे सुटका वाटू शकते. आपल्याकडे नाव आणि क्लास एका दमात सांगायची रीत जुनीच आहे: गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी. फरक इतकाच की पुढच्या डावात क्लास बदलता येत नव्हता. म्हणून आडनाव नको, हे मला मान्य. पण एल्फी नावाने जात टेबलाबाहेर राहते, हा भ्रम आहे. रूलबुकाने 2024 साली ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ केला. आमचा हाय एल्फ गॉब्लिनशी ज्या स्वरात बोलतो, तो स्वर काही बदलला नाही. ऐकताना तो जिन्याखाली उभ्या माणसाशी बोलतोय असंच वाटतं. आणि आडनाव टाळायचं तर ब्लडथॉर्न हा एकच रस्ता थोडाच आहे? भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा म्हणून लक्षात राहतो. कुणी गावावरून ओळखला जातो, कुणी खोडीवरून, कुणी एकदाच केलेल्या पराक्रमावरून. पेठेतल्या मारुतींना कुठे आडनावं आहेत?

अशी नावं बाहेरच्यांना समजणार नाहीत, हेही सांगू नका. 2020 साली याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ ही व्हिडिओ गेम काढली. ती आमच्यासारखी रोलप्लेइंग गेम नव्हे, उड्या आणि मारामाऱ्यांची गेम आहे, पण मुद्दा नावाचा आहे. सर्कशीतली मुलगी राजी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू. गोलू! प्रत्येक सोसायटीत एक असतो. राक्षसांचा म्होरक्या तेवढा महाबलासुर, कारण त्याला गोलू म्हणून चालणार नाही, एवढी अक्कल बनवणाऱ्यांना होती. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या विभागात तिला नामांकन मिळालं. जगभरातले लोक कंट्रोलर हातात धरून गोलूला शोधत फिरले आणि गोलू म्हणजे काय, असं विचारत कुणी अडून बसलं नाही.

माझ्या टेबलावर आता जनरेटर बंद आहे. शीटवरच्या नावाच्या रकान्याखाली मी पेनाने आणखी तीन रकाने आखून देतो: आई काय म्हणते, उधारीवाला काय म्हणतो, शत्रू काय म्हणतो. ते भरल्याशिवाय फाशांना हात लावायचा नाही. काहीजण चिडून सोडून गेले, त्यांना शुभेच्छा. एका पॅलाडिनने तक्रार केली की त्याचं कॅरेक्टर तत्त्वनिष्ठ आहे, उधारी करतच नाही. म्हटलं, ठीक, मग रोख पैसे मोजून वर पाव किलोमागे दोन रुपयांची घासाघीस करणाऱ्याची पाठ वळली की दुकानदार काय म्हणतो ते लिही. ते त्याला बरोबर माहीत होतं. लिहिलं, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी त्याच नावाने त्याला हाका मारायला सुरुवात केली.